पान मोडतं, खिळे उरतात

वांगं खाल्लं तर वांग्यातला जीन आपल्या अंगात शिरेल का? २००९ च्या अखेरीस हा प्रश्न देशभर विचारला जात होता. वांगं जालन्याचं होतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेल्या महिको या बियाणे कंपनीनं जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घालून बीटी वांगं तयार केलं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी समितीनं त्याला संमती दिली, मग नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. त्या वादाला अनेक बाजू होत्या. बियाणं कुणाच्या मालकीचं, कीड सरावेल का, देशी वाणांचं काय होणार, नव्या प्रथिनाची तपासणी पुरेशी झाली का. ते सगळे प्रश्न इथे बाजूला ठेवू. जीन अंगात शिरण्याचा जो भाबडा वाटणारा प्रश्न होता, त्याचंच उत्तर शोधायला निघू. ते शोधताना आपण लहान आतड्याच्या अस्तरापाशी पोहोचतो, आणि तिथे जे चाललेलं असतं ते कुठल्याही वादापेक्षा विलक्षण आहे.

मुळात जीन आपण रोजच खातो. ताटातलं जे जे कधीकाळी जिवंत होतं, त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या जिवाची अख्खी संहिता असते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना लागणाऱ्या बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११ ही दीडशे दिवसांत हाती येणारी पांढरी तूर तिथलीच. तुरीची जनुकसंहिता २०११ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकारानं वाचली गेली, तेव्हा तिच्यात ४८,६८० जनुकं असावीत असा अंदाज निघाला. माणसाची प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २०,०००. म्हणजे वाटीभर वरणातून आपल्या दुपटीहून जास्त जनुकं, कोट्यवधी प्रतींमध्ये, फोडणीसकट पोटात जातात. तरी पिढ्यान् पिढ्या वरण ओरपणाऱ्या मराठवाड्यात अजून कुणाच्या खांद्यावर तुरीची शेंग धरलेली नाही.

मजकूर आणि अक्षरं

कारण असं, की पोटात पोहोचतो तो मजकूर, पण आतड्याच्या भिंतीतून आत जातात ती फक्त सुटी अक्षरं.

डीएनए ही लांबच लांब साखळी. तिच्या प्रत्येक कडीचे तीन भाग असतात: एक नत्रयुक्त क्षारक, एक छोटी साखर आणि एक फॉस्फेट. तिन्ही मिळून झालं न्यूक्लिओटाइड. त्यातलं फॉस्फेट काढलं की उरतं ते न्यूक्लिओसाइड. आपल्या गोष्टीचा नायक हाच. डीएनएमध्ये अशी चार अक्षरं: ए, जी, सी आणि टी. डीएनएवरून उतरवून घेतलेल्या कामचलाऊ प्रतीत, म्हणजे आरएनएमध्ये, टीच्या जागी यू येतं. एकूण पाच अक्षरं. तूर, उस्मानाबादी शेळी, दह्यातले जिवाणू, ज्वारीवरचा मावा आणि माणूस या सगळ्यांची लिपी हीच.

जुन्या छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचा, फर्मा बांधायचा, आणि छपाई उरकली की फर्मा सोडून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. काल त्याच खिळ्यांनी पंचांग छापलं, आज लग्नपत्रिका. खिळ्याला पंचांगाची आठवण नसते. आतडं नेमकं हेच करतं. तुरीचं पान मोडतं, खिळे सुटे करतं आणि आपल्या मजकुरासाठी वापरतं. योगायोग असा, की मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला तो १८६९ साली, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये पंचविशीतल्या फ्रीडरिश मीशरनं रुग्णांच्या जखमांवरच्या पट्ट्या धुऊन, पुवातल्या पेशींच्या केंद्रकांमधून फॉस्फरसयुक्त असा एक अनोळखी पदार्थ वेगळा काढला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. त्यातले क्षारक ओळखण्याच्या कामासाठी आल्ब्रेश्ट कॉसेलला १९१० चं नोबेल मिळालं.

पान मोडण्याचं काम टप्प्याटप्प्यानं होतं. शिजवताना आणि पोटातल्या आम्लात डीएनए-आरएनएला चिकटून बसलेली प्रथिनं सुटी होतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. त्यातलं एक विकर आरएनएच्या साखळ्या कापतं, दुसरं डीएनएच्या. लाखो अक्षरांच्या ओळींचे दोन-चार अक्षरांचे तुकडे होतात, मग तुकड्यांची एकेक अक्षरं. पण अजून प्रत्येक अक्षराला फॉस्फेट चिकटलेलं असतं. त्यावर ऋण विद्युतभार असल्यानं पेशीचं स्निग्ध आवरण त्याला आत येऊ देत नाही. म्हणून आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर आणखी एक विकर दबा धरून बसलेलं असतं, अल्कलाइन फॉस्फेटेस. रक्ततपासणीच्या अहवालात यकृताच्या रकान्यात हेच नाव अनेकांनी वाचलेलं असेल. आतड्याकडे त्याचा स्वतःचा वेगळा प्रकार असतो. ते फॉस्फेट छाटून टाकतं आणि न्यूक्लिओसाइड मोकळं होतं.

मग उघडतात दारं. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला न्यूक्लिओसाइडसाठी राखीव अशी वाहक प्रथिनं असतात. एक सी, टी, यू या जातीची अक्षरं उचलतं, दुसरं ए आणि जी, तिसरं दोन्ही. ही दारं सोडियमच्या ओढीवर चालतात: बाहेर सोडियम जास्त, आत कमी, म्हणून सोडियम आत धावतो आणि जाताना अक्षराला सोबत घेतो. मीठ-साखरेचं पाणी ज्या तत्त्वावर जुलाबाच्या रुग्णाला वाचवतं, ते तत्त्वही हेच. तिथे सोडियमच्या हाताला साखर असते. अन्नातल्या न्यूक्लिओसाइड आणि सुट्या क्षारकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आतड्याच्या पेशींत शिरतात. एखादा लांब तुकडा कुठे निसटलाच तरी आपल्या पेशींत रुजून पिढ्यान् पिढ्या चालेल अशी त्याची वाट जवळजवळ बंदच असते. वांग्याचं वाक्य आपल्यात उमटत नाही, त्याची अक्षरं मात्र खुशाल उमटतात.

दर चार दिवसांनी नवं अस्तर

या अक्षरांची सगळ्यात जास्त भूक कुणाला असते? शरीरातल्या सगळ्यात घाईच्या पेशींना, म्हणजे ज्या दारातून ती आत आली त्या दारवानांनाच.

लहान आतडं आतून गुळगुळीत नसतं. अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य बोटाएवढे नव्हे, तर बोटाच्या आकाराचे उंचवटे त्यावर दाटीवाटीनं उभे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांच्या पायथ्याशी खोल खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी खालच्यांच्या रेट्यानं वर सरकतात, सरकता सरकता विभागणं थांबवून पचनाची विकरं तयार करायला शिकतात, टोकाला पोहोचतात आणि गळून पडतात. माणसात हा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. सोमवारी जन्मलेली पेशी शुक्रवारपर्यंत टिकली तर पुष्कळ.

हे कळलं कसं, त्यातही आपल्या नायकाचा हात आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या चार्ल्स लब्लाँ आणि कॅथरीन स्टीव्हन्स यांनी १९४८ मध्ये उंदरांच्या आतड्यातल्या विभागणाऱ्या पेशी मोजल्या आणि हिशेब मांडला, की एवढ्या वेगानं पेशी वाढत असतील तर अख्खं अस्तर दीडेक दिवसात नवं व्हायला हवं. हिशेब अचाट होता, पण पेशी सरकताना दिसत नव्हत्या. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात थायमिडिन या न्यूक्लिओसाइडला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावणं जमलं. थायमिडिन हे केवळ डीएनएतलं अक्षर. त्यामुळे ज्या पेशी त्या घटकेला नवा डीएनए लिहीत असतील, त्याच ते उचलणार. खूण टोचल्यावर थोड्या वेळानं उंदराच्या आतड्याचा छेद फोटोच्या फिल्मवर ठेवला तर काळे ठिपके फक्त खळग्यांत. दुसऱ्या दिवशीच्या छेदात ठिपके उंचवट्याच्या अंगावर चढलेले. आणखी एक-दोन दिवसांनी टोकाला, आणि मग नाहीसे. अक्षरानंच लेखकाचा माग लावून दिला.

आता या कामाचा आवाका बघा. इस्रायलच्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी बदलल्या जातात. त्यातल्या बहुतेक रक्ताच्या, पण १२ टक्के आतड्याच्या अस्तराच्या. म्हणजे रोज ४,००० कोटी. प्रत्येक पेशीच्या डीएनएची लांबी साधारण दोन मीटर. दोहोंचा गुणाकार केला तर आपलं आतडं रोज ८ कोटी किलोमीटर डीएनए लिहितं. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे सकाळच्या चहापासून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत सूर्याच्या अर्ध्या वाटेच्याही पुढे जाणारा धागा तुमच्या पोटात कातला जातो, एकेका पेशीत १,२८० कोटी अक्षरं या हिशेबानं. आणि या साऱ्या धाग्याचं वजन? पाव ग्रॅमच्या आसपास.

ओतलेले खिळे, उचललेले खिळे

एवढी अक्षरं आणायची कुठून? दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शिसं वितळवून खिळे नव्यानं ओतायचे. पेशी ग्लायसिन, ग्लुटामिन, अस्पार्टेट ही अमिनो आम्लं आणि फोलेट या जीवनसत्त्वानं आणून दिलेले कार्बनचे अणू घेऊन ए आणि जी यांचा सांगाडा दहा पायऱ्यांत बांधते. प्रत्येक सांगाड्यामागे ऊर्जेचा चांगलाच खर्च होतो. दुसरा मार्ग, पडलेले खिळे उचलून पुसून घेण्याचा. यात एक-दोन पायऱ्यांत काम भागतं. अन्नातून आलेली अक्षरं आणि स्वतःच्याच गळून पडलेल्या पेशींतून सुटलेली अक्षरं, दोन्ही इथे चालतात. आपल्या टोकावरून गळलेल्या पेशी आतडं वरणासारख्याच पचवतं, हेही या गोष्टीतलं एक नवल.

यकृत खिळे ओतण्यात पटाईत आहे. आतडं तितकंसं नाही. १९८१ साली, ज्या वर्षी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेनिस सव्हायानो आणि अँड्र्यू क्लिफर्ड यांनी दाखवलं, की उंदरांच्या आतड्याच्या पेशींना ए आणि जी अक्षरं मुळापासून बनवणं जमत नाही, त्या तयार ॲडेनिनवर विसंबतात. पुढे न्यूयॉर्कच्या नील लेलायको यांच्या गटानं उंदरांच्या खाण्यातून ही अक्षरं वगळली, तर त्यांच्या आतड्यातलं आरएनए घटलं. आरएनए घटलं की प्रथिनं बनवण्याचा कारखाना मंदावतो.

सर्वांत बोलका प्रयोग १९९० चा, चिलीचे बालरोगतज्ज्ञ रिकार्दो वावी आणि सहकाऱ्यांचा. नुकतंच आईचं दूध सुटलेल्या उंदरांच्या पिलांचे दोन गट केले. एकाच्या खाण्यात न्यूक्लिओसाइड अजिबात नाहीत, दुसऱ्याच्या खाण्यात वजनाच्या ०.८ टक्के. दोन आठवड्यांनी पाहिलं, तर दुसऱ्या गटाच्या आतड्याच्या अस्तरात प्रथिनं जास्त, डीएनए जास्त, उंचवटे जास्त उंच, आणि माल्टोज साखर फोडणाऱ्या विकराचा जोरही जास्त. म्हणजे नुसत्या पेशी वाढल्या नव्हत्या, त्या जाणत्याही झाल्या होत्या. त्याच वर्षी स्पेनच्या ग्रानाडा विद्यापीठात आन्हेल हिल यांच्या गटानं उंदरांना आधी जुनाट जुलाब लावून अस्तर खराब होऊ दिलं आणि मग दोन तऱ्हेचं खाणं दिलं. न्यूक्लिओटाइड मिळालेल्यांचं अस्तर लवकर सावरलं.

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींनी यातलं एक मर्म उघड केलं. १९९३ मध्ये बॉस्टनच्या ॲलन वॉकर यांच्या गटानं आतड्याच्या पेशींच्या पोषणद्रवात न्यूक्लिओटाइड घातले. ज्या द्रवातून ग्लुटामिन काढून घेतलं होतं, तिथे त्यांचा गुण विशेष दिसला. ग्लुटामिन म्हणजे खिळे ओतायच्या शिशाचाच एक भाग. ते भरपूर असतं तेव्हा पेशी आपलं आपण निभावते. ते आटतं तेव्हा बाहेरून आलेल्या खिळ्यांचं मोल कळतं. आहारशास्त्रात यासाठी एक संज्ञा आहे, प्रसंगी आवश्यक. मीठ-पाण्यासारखी रोजची गरज नाही, पण बाळपणात, उपासमारीत, दुखण्यातून उठताना नडणारी.

मुंबईच्या गिरणगावातला धडा

अक्षरं ओतण्याची भट्टी विझली तर काय होतं, हे जगाला पहिल्यांदा मुंबईनं शिकवलं. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता. रक्तातल्या लाल पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या. विल्स यांनी या बायकांचा आहार तपासला, तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला आणि यीस्टचा अर्क, तेव्हा बाजारात मिळणारं स्वस्त मार्माइट, त्यांना दिला. रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला तो अनोळखी घटक काही वर्षं विल्स यांच्याच नावानं ओळखला जाई. १९४५ मध्ये अमेरिकेत, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं तो प्रयोगशाळेत बनवला. तेच फॉलिक आम्ल. आज गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ते असतं.

फोलेटचं मुख्य काम म्हणजे अक्षरं ओतायला मदत करणं. ए आणि जी यांच्या सांगाड्यातले दोन कार्बन तेच पुरवतं, आणि यूवर एक कार्बन चढवून टी बनवायलाही तेच लागतं. ते नसलं की पेशीचं शरीर वाढतं, पण डीएनए लिहून पूर्ण होत नाही, म्हणून विभागणी अडते आणि पेशी थोराड होते. रक्तात हे आधी दिसतं. आतड्यातही तेच होतं: पेशी थोराड, उंचवटे खुजे, अन्न शोषणं कमी. आणि शोषण कमी झालं की फोलेटही कमी शोषलं जातं. हे दुष्टचक्र एकदा लागलं की बाहेरून गोळी देऊनच तोडावं लागतं. याच्या उलट टोकाला कर्करोगाची औषधं आहेत. मेथोट्रेक्सेट फोलेटची वाट अडवतं म्हणून कर्कपेशी मरतात, पण घाईनं विभागणारं आतड्याचं अस्तरही होरपळतं, आणि रुग्णाला तोंड येणं, जुलाब लागणं सुरू होतं. ज्या पेशी सर्वांत जास्त लिहितात, त्यांना शाईची टंचाई सर्वांत आधी जाणवते.

आईचं दूध, शेळीचं दूध

नवजात बाळाचं आतडं म्हणजे नुकतंच सुरू झालेलं बांधकाम. निसर्गानं त्याच्या पहिल्या अन्नात तयार अक्षरं ठेवली आहेत. आईच्या दुधात सुटी न्यूक्लिओसाइडं, न्यूक्लिओटाइडं आणि दुधात उतरलेल्या पेशींमधलं आरएनए असं सगळं मिळून लिटरमागे साधारण ७० मिलिग्रॅम सापडतं. गाईच्या दुधात चीक संपला की ही अक्षरं झपाट्यानं ओसरतात. म्हणून गाईच्या दुधापासून बनवलेल्या बाळाच्या पावडरीत ती वरून घालण्याची कल्पना निघाली. जपानमध्ये १९६५ पासून, मग युरोपात, पुढे अमेरिकेत. १९९४ मध्ये चिलीत गरीब वस्तीतल्या बाळांवर झालेल्या अभ्यासात अशी पावडर घेणाऱ्यांना जुलाब कमी वेळा झाले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात काही लसींना या बाळांचा प्रतिसाद जास्त चांगला दिसला. परिणाम बेताचे होते. चमत्कार कुणी पाहिला नाही. आणि या सगळ्या धडपडीचा नमुना आईचं दूधच होतं, हे विसरता येत नाही.

मराठवाड्यात घरोघरी शेळी, आणि अशक्त मुलाला शेळीचं दूध द्यायची रीत जुनी. स्पेनच्याच हिल यांनी १९८१ मध्ये गाय, शेळी आणि मेंढी यांच्या दुधांची तुलना केली, तेव्हा शेळी-मेंढीच्या दुधात न्यूक्लिओटाइड गाईपेक्षा बरेच जास्त निघाले. या बाबतीत शेळी माणसाच्या जवळची. पण निसर्गानं एका हातानं दिलं ते दुसऱ्यानं काढून घेतलं. शेळीच्या दुधात फोलेट फारच थोडं असतं. तयार खिळे आहेत, पण भट्टीचं इंधन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केवळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या युरोपातल्या बाळांना जो पंडुरोग झाला, त्याचं कारण पुढे हेच निघालं. वरणभात, भाजी खाणाऱ्या मोठ्या मुलाला शेळीचं दूध बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आईच्या दुधाची जागा ते घेऊ शकत नाही.

जालन्याच्या ताटात काय आहे

कोणत्या पदार्थात अक्षरं किती, याचा एक सोपा नियम आहे: जिथे पेशी लहान, दाट आणि कामसू, तिथे अक्षरं जास्त. कलेजी, मासे, यीस्ट, अळंबी पहिल्या रांगेत. त्यामागोमाग कडधान्यं. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आरएनए असतं. बियाणं म्हणजे अंकुरायच्या क्षणी घाई करता यावी म्हणून बांधून ठेवलेली शिदोरी, त्यात खिळ्यांचा खणही भरलेला असणारच. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी मात्र या यादीत तळाशी. तिच्या फोडीतल्या पेशी रसानं फुगलेल्या, त्यामुळे घोटभर रसामागे केंद्रकं विरळ. सर्वांत गंमत अंड्याची. प्रथिनांनी इतकं समृद्ध अन्न, पण बाजारातल्या अंड्याचा अख्खा पिवळा बलक ही एकच पेशी. केंद्रक एक, म्हणून डीएनए नगण्य.

साधारण आहारातून प्रौढ माणसाच्या पोटात रोज एक ते दोन ग्रॅम न्यूक्लिओटाइड जातात. आतड्याच्या रोजच्या पाव ग्रॅम डीएनएच्या मानानं हे भरपूर वाटतं. पण इथे एक नाट्यमय वळण आहे. ए आणि जी जातीची जी अक्षरं आतड्यात शिरतात, त्यातली बहुतेक तिथल्या तिथेच मोडून त्यांचं यूरिक ॲसिड केलं जातं. शरीराच्या ऊतींमध्ये जागा मिळते ती दोन ते पाच टक्क्यांना. अस्तर स्वतःपुरतं उचलतं आणि उरलेलं रक्तात बेहिशेबी जाऊ नये म्हणून दारातच निकालात काढतं. बहुतेक सस्तन प्राणी यूरिक ॲसिडही पुढे मोडू शकतात. आपल्या वानर पूर्वजांनी ती क्षमता कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. म्हणूनच सत्तरच्या दशकात यीस्टपासून माणसासाठी प्रथिनं बनवायची स्वप्नं रंगली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार गटानं अशा अन्नातून दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त केंद्रकाम्ल, म्हणजे डीएनए आणि आरएनए मिळून, नको, अशी मर्यादा घातली. आणि म्हणूनच गाऊट झालेल्या, म्हणजे यूरिक ॲसिड साचून सांधे सुजलेल्या, माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, डाळ किती खाता? त्यात डाळीवर थोडा अन्याय होतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत मांस आणि सागरी मासे जास्त खाणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका वाढलेला दिसला. अशी अक्षरं भरपूर असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत तो वाढला नाही. ज्याला आजार आहे त्यानं डॉक्टरांचं ऐकावंच, पण धडधाकट माणसानं वरणाला घाबरायचं कारण नाही.

मग आतडं सुधारणाऱ्या न्यूक्लिओटाइडच्या महागड्या कॅप्सुल घ्याव्यात का? ज्याच्या ताटात रोज भाकरी, डाळ आणि हिरवी भाजी आहे, त्याला वरून अक्षरं घेऊन काही मिळतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवर, पेशींवर किंवा तान्ह्या बाळांवर झालेले आहेत, आणि त्यांत फरक दिसला तो टंचाईत, दुखण्यात किंवा वाढीच्या वयात. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदीच आहे.

खरी अडचण बहुतेकदा अक्षरांची नसतेच. जिथे पाणी दूषित आणि उघड्यावरची घाण जवळ, तिथल्या लहान मुलांच्या आतड्यात जंतूंचा मारा सतत चालू राहतो. जुलाब नसले तरी अस्तर सुजलेलं राहतं, उंचवटे आखूड होतात, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यानं टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. शहराला पैठणच्या जायकवाडीतून नळानं पाणी येणं हे अभियांत्रिकीचं काम वाटतं, पण त्याचा अर्धा हिशेब आतड्याच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्यांवरच मांडायला हवा. खिळे असून भागत नाही, जुळाऱ्याला बसू द्यावं लागतं.

मुलाला जुलाब लागले की आशाताई क्षारसंजीवनीची पुडी देतात, अंगावर पाजणं आणि खाऊ घालणं थांबवू नका म्हणतात, आणि झिंकच्या गोळ्या देतात. डीएनए लिहिणाऱ्या आणि पेशी विभागणाऱ्या यंत्रणेला झिंक लागतं. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की पुष्कळ घरी गोळ्याही थांबतात. त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. चौदा दिवस म्हणजे आतड्याच्या अस्तराच्या तीन पिढ्या.